हजार लिटरची स्टीलची टाकी घेऊ नका



परवा जुन्नरकडच्या एका ताईंनी मला कोटेशनचा फोटो पाठवला. गुलाबजल आणि गवती चहाचं तेल काढायचं छोटं युनिट. 100 लिटरचं डिस्टिलेशनचं पात्र, कंडेन्सर, स्टँड, आणि त्याच्या जोडीला 1000 लिटरची स्टेनलेस स्टीलची टाकी. खाली प्रश्न: "मॅडम, टाकी 304 ग्रेडची आहे, म्हणजे पाण्याची काळजी मिटली ना?"

मी मेसेज टाइप करायला घेतला आणि मग सरळ फोनच लावला. म्हटलं, ताई, ही टाकी घेऊ नका. ग्रेड बरोबर असेल, वेल्डिंग चांगलं असेल, तरी घेऊ नका. 120-150 लिटरची घ्या आणि उरलेले पैसे कच्च्या मालासाठी ठेवा.

मागच्या व्हिडिओत मी हे दोन मिनिटांत बोलून गेले होते. ते बऱ्याच जणांच्या पचनी पडलेलं नाही असं दिसतंय. "मोठी घेतली तर पुढे धंदा वाढल्यावर उपयोगी पडेल" हे सगळ्यांचं पाठ झालेलं वाक्य. मशिनरीच्या बाबतीत ते कधीकधी खरं असतं. साठवलेल्या पाण्याच्या बाबतीत नाही.

आधी हिशोब करू. 100 लिटरच्या पात्रात एका घाण्याला साधारण 20 किलो गावठी गुलाब आणि 50 लिटर पाणी जातं. त्यातून 20 लिटरच्या आसपास गुलाबजल घ्यायचं, त्याच्या पुढे ओढत बसलं की वास पातळ होतो. दिवसाला दोन घाणे काढले तर 100 लिटर पाणी, आणि धुण्या-खंगाळण्याला 20. झाले 120. मग फॅब्रिकेटरने 1000 कुठून काढले? कंडेन्सरमधून.

वाफ थंड करून तिचं परत पाणी करायला भरपूर गार पाणी लागतं. एक लिटर अर्क थंड करायचा, तर कंडेन्सरमधून फिरणारं पाणी 30 अंशांनी तापू दिलं तरी साधारण 18 ते 20 लिटर पाणी खर्ची पडतं. म्हणजे 20 लिटरच्या घाण्याला 400 लिटर, दोन घाण्यांना 800. त्यात आपले 120 मिळवा, वर थोडी सोय म्हणून, झाली हजाराची टाकी. हिशोब चुकलेला नाही. चूक ही की दोन वेगळ्या कामांचं पाणी एकाच टाकीत घातलं.

कंडेन्सरचं पाणी तुमच्या मालाला शिवतसुद्धा नाही. ते नळीच्या बाहेरून जातं. त्याला स्टीलची टाकी कशाला हवी? काळी प्लॅस्टिकची टाकी घ्या, छोटा पंप लावा, तेच पाणी दिवसभर फिरवा. रात्रीतून ते पुन्हा गार होतं. त्यात फक्त कचरा जाऊन नळी चोंदू नये इतकीच काळजी. पात्रात जे पाणी पडतं आणि ज्या पाण्याने तुम्ही भांडी, नळ्या, बाटल्या खंगाळता, ते मात्र तुमचा कच्चा माल आहे. फुलांइतकाच. फुलं निवडून घेता ना? मग पाणी चार दिवसांचं शिळं कसं चालतं?

आता हे शहाणपण मला कसं आलं ते सांगते, कारण ते पुस्तकातलं नाही. बीबीए करताना मला कॉस्टिंग शिकवलं, ब्रँडिंग शिकवलं, टाकी धुवायला कुणी शिकवलं नाही.

माझी पहिली टाकी 500 लिटरची होती. चकचकीत. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी आत नेऊन दाखवायची. दुसऱ्या पावसाळ्यात एका लग्नाच्या आहेरासाठी 200 बाटल्यांची ऑर्डर आली, 100 मिलीच्या, 120 रुपयांनी. माल वेळेत दिला, पैसे आले, आम्ही खूश. लग्नानंतर आठवड्याने फोन: "ताई, बाटलीत जाळं धरलंय." मी म्हटलं, उन्हात ठेवली असेल. मग दुसरा फोन. मग फोटो. बाटलीच्या तळाशी कापसाच्या तंतूसारखं पांढरं काहीतरी तरंगत होतं. पुढे बोलण्यासारखं काही राहिलंच नाही. 24,000 रुपये परत केले. त्या घरातून पुन्हा ऑर्डर आली नाही, आणि त्या लग्नाला आलेल्यांपैकी किती जणांनी माझं नाव कायमचं खोडलं हे मला कधीच कळणार नाही.

पहिला संशय फुलांवर गेला. पावसात भिजलेली फुलं होती, म्हणून फुलवाल्याला बोलले. बिचाऱ्याचा काही संबंध नव्हता. मग बाटल्या बदलल्या. तरी तेच. शेवटी एक साधा प्रयोग केला, आणि तो तुम्हीही करा असं माझं सांगणं आहे. पाच काचेच्या बाटल्या उकळून घेतल्या आणि कंडेन्सरच्या तोंडाखाली धरून थेट भरल्या. दुसऱ्या पाच, तशाच उकळलेल्या, पण अर्क जमा करायच्या स्टीलच्या भांड्याच्या नळातून भरल्या. सगळ्यांवर तारीख टाकून एका फळीवर ठेवल्या. दहा दिवसांनी पहिल्या पाच स्वच्छ, दुसऱ्या पाचांपैकी चार गढूळ.

म्हणजे डिस्टिलेशन बरोबर होतं. घाण त्याच्यानंतर आत शिरत होती. ते भांडं आम्ही रोज धुवायचो, पण शेवटचं खंगाळणं मोठ्या टाकीतल्या पाण्याने. म्हणून मग मोठी टाकी उघडली. बॅटरी मारून पाहिलं तर वरून लख्ख. हात घालायला गेले तर तळापर्यंत पोचेना. शेवटी आडवी पाडली. पाणी बाहेर काढायचा नळ तळापासून चार बोटं वर जोडलेला होता, आणि त्या चार बोटांत दोन वर्षांचा गाळ. भिंतीवरून बोट फिरवलं तर बुळबुळीत. नळ खोलला तर आत काळपट साय. टाकी बनवणाऱ्याला मी दोष देत नाही. मी त्याला ड्रॉइंग दिलंच नव्हतं, "500 लिटरची, चांगली" एवढंच सांगितलं होतं. त्याने 500 लिटरची, चांगली बनवली.

ही बुळबुळ म्हणजे काय ते नीट समजून घ्या. पाण्यातले जंतू भिंतीला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर धरतात. स्टील गुळगुळीत असल्यामुळे तो थर धरायला वेळ लागतो आणि घासला तर पटकन निघतो. स्टीलचा फायदा एवढाच. "स्टीलला जंतू धरत नाहीत" हे कुणीतरी विकण्यासाठी काढलेलं वाक्य आहे. दुसरी फसगत अशी की स्टीलच्या बंद टाकीत शेवाळ होत नाही. होणारच नाही, उजेड आत जात नाही. प्लॅस्टिकच्या पांढऱ्या ड्रममध्ये हिरवं दिसलं की आपण लगेच धुवायला घेतो. स्टीलच्या टाकीत हिरवं दिसत नाही, म्हणून आपण निर्धास्त. जंतूंना उजेड लागत नाही हो.

आणि टीडीएस मीटर. प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी खिशातून काढतंच. "मॅडम, माझं पाणी 40 टीडीएस आहे, एकदम शुद्ध." टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. जंतू त्यात मोजले जात नाहीत. 40 टीडीएसच्या पाण्यात जाळं आरामात धरतं.

उलट पाणी जितकं "शुद्ध" कराल तितकं ते राखायला अवघड, हे मला उशिरा कळलं. नळाच्या पाण्यात थोडं क्लोरीन असतं, ते पाण्याचं राखणदार. आपण काय करतो, क्लोरीनचा वास गुलाबजलात उतरतो म्हणून कार्बन फिल्टर लावतो. बरोबरच करतो, क्लोरीन वाफेबरोबर वर येतंच. पण फिल्टर लावला की राखणदार गेला. आता हे पाणी दूध समजा. आजचं आज वापरायचं. आणि आपण तेच पाणी हजार लिटरच्या टाकीत भरून आठवडाभर ठेवणार! यूव्हीचा दिवा लावलात तरी तो समोरून जाणाऱ्या पाण्यापुरता. पुढे टाकीत जे आधीच वाढतंय त्याला तो काही करत नाही.

म्हणून माझा नियम एकच आहे: वरच्या तोंडातून हात घातला तर तळाला टेकला पाहिजे. ज्या टाकीच्या तळाला हात पोचत नाही, ती धुतली जात नाही. तुम्ही कितीही शिस्तीचे असा, नाही धुतली जात. 120 लिटरची टाकी 50 सेंटिमीटर व्यासाची आणि जेमतेम दोन फूट उंच होते. पूर्ण झाकण निघणारी घ्या, नुसतं वितीएवढं भोक असलेली नको. तळ सपाट नको, नळाकडे उतरता हवा, आणि नळ अगदी तळाला, शेवटचा थेंब निघेल असा. आतले वेल्डिंगचे सांधे घासून गुळगुळीत केलेले, निळे-काळे डाग काढलेले पाहिजेत. गंज पहिल्यांदा तिथेच येतो. नळ खोलता येईल असा बसवून घ्या. साधा बॉल व्हॉल्व्ह बंद केला की मधल्या गोळ्यात चमचाभर पाणी अडकून राहतं, आणि तो चमचाभर माल तुमच्या पुढच्या घाण्याचं विरजण.

मोठ्या टाकीबद्दल आणखी एक सांगायचंय, ते गमतीने घेऊ नका. हात पोचत नाही म्हणून लोक आत उतरतात किंवा मदतनिसाला उतरवतात. बंद टाकीत, त्यात धुण्याचं केमिकल टाकलेलं असताना, माणूस गुदमरतो. असे अपघात खरोखर होतात. आत माणूस उतरवावा लागेल अशी टाकी आपल्या आकाराच्या धंद्यात असूच नये.

ग्रेडबद्दल थोडक्यात. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. बाजारात 202 पण "स्टील"च म्हणून मिळतं, त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, ते लवकर गंजतं. चुंबक चिकटत नाही म्हणजे 304, असं दुकानदार सांगेल. 202 लाही चुंबक चिकटत नाही. पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा. ते देत नसेल तर स्टीलच्या व्यापाऱ्यांकडे थेंब टाकून तपासायचं द्रावण असतं, समोर तपासून घ्या.

आणि ग्रेड ठरवण्याआधी पाणी तपासा. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना द्या आणि रिपोर्टमध्ये क्लोराइड बघा. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 1000 पर्यंत. पण 304 च्या टाकीला साधारण 200 च्या आत असलेलं बरं. म्हणजे जे पाणी तुम्ही पिऊ शकता ते तुमच्या टाकीला टाचणीएवढी भोकं पाडू शकतं. समुद्रकाठच्या विहिरींचं पाणी असेल तर 316 घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला टिकतं. घाटावरच्या आपल्या बोअरला बहुतेक वेळा जडपणाचा त्रास. तो टाकीत कमी, पात्रात जास्त दिसतो, कारण क्षार तापल्यावर बसतात. कोकणात लाल तांबूस पाणी आलं तर ते लोखंड. टाकीला गंज चढला म्हणून घाबरू नका, आधी पाणी तपासा.

छोटी टाकी, म्हणजे महागाचं 316 घ्यावं लागलं तरी परवडतं. हाही हिशोब करा.

आता धुणं. आठवड्याचा शेवटचा घाणा निघाला की टाकी पूर्ण रिकामी करायची. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात, बादलीला मूठभर, हातात रबरी मोजे, आणि नायलॉनचा ब्रश. तारेची घासणी अजिबात नको. तिचे लोखंडी कण स्टीलमध्ये रुततात आणि तिथून गंज सुरू होतो. वासाचं भांडी घासायचं लिक्विडही नको, नाहीतर गुलाबजलाला लिंबाचा वास येईल (हसू नका, माझ्याकडे आला होता). स्वच्छ खंगाळायचं. महिन्यातून एकदा, क्षार दिसत असतील तर, 10 लिटर कोमट पाण्यात 200-300 ग्रॅम सायट्रिक ऍसिड, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, अर्धा तास फिरवायचं. संडासासाठी मिळणारं ऍसिड चुकूनही वापरू नका, ते स्टील खातं. मग 80 अंशांचं गरम पाणी, नळातूनही सोडून, अर्धा तास. झाकण उघडं ठेवूनच. गरम टाकी घट्ट बंद करून वरून गार पाणी ओतलं तर आतली वाफ आकसते आणि पातळ पत्र्याची टाकी डब्यासारखी चेपते. शेवटी निथळू द्यायची आणि तोंडावर मलमलचं कापड बांधून कोरडी करायची. कोरड्या टाकीत काही वाढत नाही. सीझन संपल्यावर "टाकी भरून ठेवलीय, चांगली राहील" म्हणणारे मला भेटतात. ती सुकवून ठेवा.

आणि टीसीएल. गावाकडे विहिरीत टीसीएल पावडर टाकतात हे आपण लहानपणापासून बघतो, म्हणून बरेच जण तीच मूठभर स्टीलच्या टाकीत टाकतात. नळाच्या पाण्यातलं एवढंसं क्लोरीन स्टीलला काही करत नाही, पण ही तीव्र पावडर करते. भोकं पडतात, वेल्डिंगजवळ आधी. क्लोरीन द्यायचंच असेल तर बाहेरच्या प्लॅस्टिकच्या टाकीत द्या.

इथे तुमच्यातले निम्मे जण म्हणणार, "मॅडम, आमच्याकडे पाणी दोन दिवसांआड येतं. मे महिन्यात टँकर. 120 लिटरवर धंदा कसा चालवायचा?" हा प्रश्न खरा आहे आणि मोठ्या टाकीच्या बाजूचा तेवढाच एक खरा मुद्दा आहे. माझ्याकडेही एप्रिलनंतर तेच हाल. उत्तर असं की साठा बाहेर करा. हजार काय, दोन हजार लिटर प्लॅस्टिकच्या टाकीत ठेवा, क्लोरीनसकट, राखणदारासकट. तिथून सेडिमेंट फिल्टर, मग कार्बन, मग स्टीलची छोटी टाकी. रोज सकाळी त्या दिवसापुरतीच भरायची. संध्याकाळी उरलं तर फरशी पुसायला वापरा, दुसऱ्या दिवशीच्या घाण्यात नको. टँकरचं पाणी आलं की ग्लासात घेऊन हुंगा. मातकट, कुबट वास असेल तर तो वाफेबरोबर चढून अर्कात उतरतो, डिस्टिलेशनने जात नाही. असं पाणी कंडेन्सरला फिरवा.

दुसरा आक्षेप: "एवढं धुणार कोण? माणूस ठेवू." ठेवा. पण पहिले सहा महिने तुम्ही धुवा. बुळबुळ बोटाला कशी लागते हे मालकाला माहीत नसेल, तर माणूस "धुतली" म्हणाला की विषय संपतो. माझ्याकडे टाकीवर मार्करने तारीख लिहितो आणि ज्याने धुतली त्याचं अक्षर. रजिस्टरही आहे, पण खरं सांगायचं तर लक्ष मार्करच्या तारखेकडेच जातं. गुलाबजल कॉस्मेटिक म्हणून बनवून विकायचं तर 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांखाली लायसन्स लागतं, त्यामुळे नोंदीची सवय आत्ताच लावलेली बरी.

इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर करायला निघालेल्यांना यातलं अर्धंच लागू आहे. तुमच्याकडे जंतूंपेक्षा क्लोराइड आणि लोखंडाची भीती जास्त, म्हणून तयार पाणी स्टीलमध्ये साठवूच नका, चांगल्या प्रतीच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरा. टीडीएस मीटर तुमच्या कामाचं आहे, ते खिशात असू द्या.

जुन्नरच्या ताईंचा काल परत मेसेज आला. फॅब्रिकेटर म्हणतोय, छोट्या टाकीला मजुरी तेवढीच पडते, मग मोठीच का घेत नाही? मजुरीचं तो खरंच सांगतोय. पण महिन्याला चार वेळा धुवायची मजुरी त्याच्या कोटेशनमध्ये नाही. मी त्यांना नवीन ड्रॉइंग पाठवायला सांगितलंय. तुमच्यापैकी कुणी पाठवणार असाल तर जरूर पाठवा, फक्त वरच्या तोंडाचा व्यास, टाकीची उंची आणि नळ तळापासून किती वर आहे, हे तीन आकडे लिहा. नाहीतर मी पहिल्यांदा तेच विचारणार आहे.